काळूच्या डोळ्यांतली खिडकी

दोस्तांनो, तुमच्या घरी कुत्रा आहे? की मांजर? त्याचा एखादा झकास फोटो काढलाय का? नसेल तर या रविवारीच काढा. एवढी घाई कशाला, ते आधी सांगतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हुपरी आहे ना, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध, ते माझं आजोळ. तिथे आमचा काळू होता. नावासारखाच काळाकुळकुळीत. त्याचा एकच फोटो माझ्याजवळ आहे, रात्री अंगणात फ्लॅश मारून काढलेला. त्यात दिसतात फक्त दोन हिरवे चकाकणारे डोळे! बाकी काळू अंधारात गडप. आता काळू नाही, आणि दुसरा फोटोही नाही.

चूक कुठे झाली? कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो. अंधारात त्यांना नीट दिसतं ते त्याच्यामुळे. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला, की त्याचा उजेड या पडद्यावर आपटून सरळ कॅमेऱ्यात परत येतो.

मग उजेड कुठून आणायचा? ते हुपरीच्या चांदीला विचारा! पैंजण उघड्या बल्बखाली ठेवून फोटो काढा. झगझगीत पांढरे ठिपके येतील आणि बाकीचं पैंजण काळपट दिसेल. चांदी आरशासारखीच, समोर असेल तेच दाखवते. आता बल्ब आणि पैंजण यांच्यामध्ये पांढरं पातळ कापड ताणून धरा. ठिपके गेले, आणि एकेक घुंगरू कसं उठून दिसायला लागलं! लहानसा दिवा कापडामुळे मोठा झाला, म्हणून उजेड मऊ झाला. (बल्ब तापतो. कापड त्याला चिकटू देऊ नका, आणि हा प्रयोग मोठ्या माणसांना घेऊनच करा.)

उजेडाशी खेळणं कोल्हापूरला नवं नाही. इथल्या बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' या चित्रपटासाठी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रण केलं होतं!

तुमचा स्टुडिओ मात्र फुकटात होईल. जिच्यातून थेट ऊन येत नाही अशी मोठी खिडकी शोधा. कुत्र्याला तिच्याजवळ तिरकं बसवा. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद वाटली, तर तिकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. त्यावरून उजेड उलटून सावलीत पोहोचतो.

आता कॅमेरा. पैंजण हलत नाही, पण कुत्रं मान हलवतंच! म्हणून शटर १/२५० सेकंद ठेवा. छिद्र एफ ४, आणि आयएसओ ८००. फोटो अंधारा आला तर आयएसओ १६०० करा. नेम नेहमी डोळ्यांवर धरा. नाक थोडं पुसट झालं तरी चालेल, डोळे नकोत.

आणखी एक गंमत. कॅमेऱ्याला वाटतं, जगातली प्रत्येक वस्तू मध्यम करडी आहे! त्यामुळे काळा कुत्रा राखाडी येतो आणि पांढरी मांजरही मळकी दिसते. काळ्यासाठी एक्स्पोजर उणे एक करा, पांढऱ्यासाठी अधिक एक. मोबाईलवर प्राण्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं की सूर्याचं चिन्ह येतं. ते खाली-वर सरकवलं, की तेच काम होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीवर पालथे पडा. तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत. त्यानं कान मागे पाडले, शेपटी पायांत घातली, सारखे ओठ चाटले, तर समजा की त्याला भीती वाटतेय. कॅमेरा ठेवून द्या, पाठीवरून हात फिरवा. फोटो उद्या काढता येईल.

फोटो चांगला आला, हे कसं ओळखायचं? त्याच्या डोळ्यांत नीट बघा. तिथे एक चिमुकली पांढरी खिडकी चमकताना दिसली, की समजा जमलं!

माझ्या काळूच्या डोळ्यांत ती राहून गेली. तुमच्या काळूच्या डोळ्यांत मात्र दिसू दे!