आकाशवाणीचा बोलता दिवस

आकाशवाणीचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील संभाषण लवकरच गाण्यांवर येऊन ठेपते, आणि गाण्यांवर आले म्हणजे ‘गीतरामायणा’वर. 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांची 56 गीते घरोघर पोहोचविली, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही आणि विसरूही नये. परंतु ते वर्ष संपत आले असता, 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, त्याच पुणे केंद्राने निव्वळ बोलण्याचा एक प्रयोग केला आणि त्यात आपला कोल्हापूर जिल्हा सामील होता, याची आठवण आज क्वचितच कोणी काढतो. गाणे स्मरणात राहते, बोलणे वाऱ्यावर जाते, असा न्याय आपण सरसकट लावला आहे. आणि माझ्या मते तो अन्यायाचा आहे.

कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. ऊस, दूध आणि कारखान्याची पाळी यांवर जेथील दिनक्रम बेतलेला असतो अशा मुलखात आकाशवाणीचा दिवस कसा जातो, हे पाहिले म्हणजे या संस्थेच्या बोलक्या अंगाची खरी ओळख पटते. कोल्हापूर केंद्र 102.7 मेगाहर्ट्झवर एफ.एम. पद्धतीने बोलते, तर 6 ऑक्टोबर 1963 रोजी सुरू झालेले सांगली केंद्र 1251 किलोहर्ट्झवर मध्यमलहरींनी. एफ.एम.चा स्वर निर्मळ खरा, पण तो सरळ रेषेत धावतो आणि डोंगर आडवा आला की अडतो. मध्यमलहरी भूपृष्ठाला धरून दूरवर जातात आणि सूर्यास्तानंतर आकाशातील विद्युद्भारित थरांवरून परतून अधिकच लांबचा पल्ला गाठतात. म्हणूनच या सीमाभागात अंधार पडल्यावर काटा किंचित सरकला की धारवाडची कन्नडही स्पष्ट उमटे, आणि दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या माणसाला त्यात परकेपणा वाटत नसे.

दिवसाचा आरंभ त्या सुपरिचित संकेतधुनेने होतो. वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईस आश्रयाला आलेल्या यहुदी संगीतज्ञाने 1936 मध्ये शिवरंजनीच्या छायेत ती बांधली, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ‘वंदे मातरम्’, मंगलध्वनी, भक्तिगीते आणि ‘चिंतना’ची दोन-चार मिनिटे झाली, की 6 वाजून 55 मिनिटांनी दिल्लीहून संस्कृत बातम्या; हा शिरस्ता 1974 पासूनचा. गोठ्यात धार काढणाऱ्या माणसाला त्यातील विभक्तिप्रत्ययांचा उलगडा होत असेलच असे नाही, परंतु मंत्र्यांची नावे आणि गावांची नावे यांवरून तो राजकारणाचा अंदाज अचूक बांधतो. मागोमाग 7 वाजून 10 मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, 8.30 ला दिल्लीहून मराठी राष्ट्रीय बातम्या, दुपारी 1.30 ला पुन्हा दिल्ली आणि संध्याकाळी 7 वाजता मुंबई, असे हे वेळापत्रक वर्षानुवर्षे चालले, आणि गावांनी आपली घड्याळे त्यांवर लावली. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून ते काम अन्यत्र नेण्याचा हुकूम सुटला, तेव्हा लोकांनी इतका गिल्ला केला की त्यास स्थगिती द्यावी लागली. रेडिओ कोणी ऐकत नाही असे म्हणणाऱ्यांनी या घटनेची नोंद घ्यावी.

दुपारचा प्रहर स्त्रियांचा. ‘वनिता मंडळा’त पाककृतींपासून कायद्यापर्यंत सर्व जिन्नस असत. मुंबई केंद्राने ‘कामगार सभा’ चालविली आणि ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतून पंत, मीनावहिनी व टेकाडे भावजी ही तीन माणसे मराठी घरांत आणून बसविली. त्यांना आवाज देणाऱ्या बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे चेहरे ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांनाही ती नात्यातली वाटत. शासनाची योजना भाषणातून सांगितली तर श्रोता जांभई देतो, तीच टेकाडे भावजींच्या तोंडून ऐकली तर तो हसता हसता समजून घेतो, हे मर्म त्या मंडळींना गवसले होते.

परंतु बिद्रीसारख्या गावाचा खरा कार्यक्रम तिन्हीसांजेचा, म्हणजे शेतकऱ्यांचा. आडसाली लागण, सुरू आणि खोडवा, हुमणीचा बंदोबस्त, लोकरी मावा, पाचट न जाळता सरीत कुजविणे, अशा विषयांवर शास्त्रज्ञ आणि निवेदक यांची प्रश्नोत्तरे चालतात. आणि निवेदकाला शेती ठाऊक असली तर त्या प्रश्नोत्तरांना जिवंतपणा येतो. पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ व्यंकटेश माडगूळकरांकडे होते, म्हणजे ज्या लेखणीने माणदेश साहित्यात आणला तीच या खात्याच्या सेवेत होती; अशी नेमणूक सरकारी दफ्तरात नित्य घडत नाही.

आता त्या 1956 च्या प्रयोगाकडे वळतो. कॅनडात 1941 पासून शेतकरी गटागटाने रेडिओ ऐकून चर्चा करीत. तोच नमुना युनेस्कोच्या साहाय्याने येथे आजमावण्याची तजवीज झाली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत प्रत्येकी वीसेक जणांचे श्रोतृमंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा, आचरणात आणा, हे सूत्र होते. कार्यक्रम संपला की मंडळी तेथेच खल करीत, चिटणीस त्याचा तपशील आणि उद्भवलेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवी, आणि पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली याची शास्त्रशुद्ध रुजुवात केली. त्यात असे दिसले की, जेथे श्रोतृमंडळ होते त्या गावांतील लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले; जेथे नुसताच रेडिओ होता किंवा तोही नव्हता, तेथे वाढ त्या मानाने फारच थोडी. 1959 मध्ये ही योजना देशभर विस्तारण्यात आली. पुढे मात्र तिचा जोर ओसरला, कारण संच पुरविणे सोपे आणि चिटणिसाच्या पत्राला वेळेवर उत्तर देणे कठीण, असे मला वाटते.

आता बातम्या भ्रमणध्वनीवरील ‘न्यूज ऑन एअर’वरही मिळतात, 3 ऑक्टोबर 2014 पासून पंतप्रधानांची ‘मन की बात’ देशभर प्रसारित होते, म्हणजे दिल्लीचे बोलणे गावापर्यंत येण्याची वाट पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. गावाचे बोलणे केंद्रापर्यंत जाण्याची वाट तितकी रुंद झाली असे म्हणवत नाही. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीद मिरविणाऱ्या संस्थेचे मोल तिच्या प्रक्षेपकाच्या शक्तीवर ठरत नसून तिला येणाऱ्या प्रश्नांवर ठरते, हे याच जिल्ह्याच्या साक्षीने सिद्ध झालेले आहे. तेव्हा कागल-भुदरगडच्या वाचकांस एवढीच विनंती, की उसाचे, पाण्याचे, शाळेचे जे प्रश्न आपण पारावर बोलतो ते कागदावर उतरवून सांगली किंवा कोल्हापूर केंद्रास धाडावेत, आणि उत्तर न आल्यास पुन्हा लिहावे.