मोपा, दाबोळी आणि मुंबईचे अंतर

दोन विमानतळांमधील अंतर आणि ते तोडण्यास लागणारा काळ हे आपण सहसा एकाच हिशेबात धरतो. परंतु पहिले भूगोलाने कायमचे ठरवून दिलेले असते, तर दुसरे वारा, धावपट्टी, पूल आणि सरकारी तजवीज यांच्या अधीन असते, याचा प्रत्यय गोव्यातील पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील रहिवाशांस गेल्या काही वर्षांत जितका आला, तितका क्वचितच कोणास आला असेल.

पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले लघुतम अंतर पाहिले, तर दाबोळीहून मुंबई सुमारे ४२५ किलोमीटर भरते आणि पेडणे तालुक्यातील मोपाहून सुमारे ३९०. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानास हा फरक म्हणजे जेमतेम तीन मिनिटे! त्याच वेगाने सबंध प्रवास अर्ध्या तासात आटोपावयास हवा. तरीही वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास नोंद आढळते, कारण ती वेळ विमान आपली उभी राहण्याची जागा सोडते तेव्हापासून, दुसऱ्या विमानतळावर तशाच जागी येऊन थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, चढण, उतरण हे सारे तीत आले. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्याने दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्र उपयोग करता येत नाही आणि गर्दीच्या वेळी विमानास आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. लंडनसारख्या दूरच्या प्रवासात पश्चिमेकडून वाहणारे उच्चस्तरीय वारे जाण्यायेण्यात तासाभराचे अंतर पाडू शकतात. गोवा-मुंबई मार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर असल्याने येथे त्यांचा प्रभाव अल्प.

खरा फरक पडला तो जमिनीवर. पोर्तुगीज अमदानीत १९५०च्या दशकात बांधलेले आणि पुढे नौदलाच्या ताब्यात आलेले दाबोळी हे गोव्याचे एकमेव विमानतळ होते, तोवर पेडणेकरास कोलवाळला शापोरा, पणजीस मांडवी आणि कुठ्ठाळीस जुवारी या नद्या ओलांडून दक्षिणेस जावे लागे, आणि तेथून विमानात बसून तो पुन्हा उत्तरेकडेच निघे. डिचोलीकराच्या वाटेत शापोरा नसली, तरी मांडवी आणि जुवारी चुकत नसत, आणि पुलांवरील कोंडीत गेलेला वेळ कोणत्याच वेळापत्रकात छापलेला नसे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि या दोन तालुक्यांपुरते तरी मुंबईचे अंतर खरोखर घटले. मात्र मोपाच्या जांभ्या सड्यावर ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांचा त्यागही या वाचलेल्या तासांच्या जमाखर्चात मांडला पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

मुरगाव आणि सासष्टीच्या प्रवाशांची स्थिती नेमकी उलट आहे: विमान मोपाहून सुटणार असेल, तर तेच पूल त्यांना उत्तरेकडे ओलांडावे लागतात. म्हणून तिकीट काढताना गोव्याच्या नावापुढे कोणते विमानतळ लिहिले आहे, हे प्रथम वाचावे. उड्डाणाची मिनिटे नंतर मोजावीत.