स्पंदित तंतू लेसर

स्पंदित तंतू लेसर : विरल मृत्तिका मूलद्रव्याचे अल्प मिश्रण असलेला काचतंतू हे ज्याचे क्रियाशील माध्यम असते व ज्यातील प्रकाश अखंड न येता अत्यल्प काळाच्या स्पंदांच्या रूपाने बाहेर पडतो, असे लेसर साधन. काचतंतूतील प्रकाशविवर्धन सी. जे. कोस्टर व एलियास स्निट्‌झर यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत दाखविले. तथापि कार्यक्षम अर्धसंवाहक लेसर व कमी हानीचे तंतू उपलब्ध झाल्यावरच या साधनाचा प्रसार झाला.

रचना व कार्य : अर्धसंवाहक लेसरचा प्रकाश तंतूत सोडून त्यातील आयन उत्तेजित करतात. तंतूच्या दोन्ही टोकांशी असलेली ब्रॅग जालके आरशांचे काम करतात. इटर्बियमयुक्त तंतूपासून सुमारे १,०३० ते १,०८० नॅनोमीटर, तर एर्बियमयुक्त तंतूपासून सुमारे १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मिळतो. तंतूचा पृष्ठभाग घनफळाच्या मानाने मोठा असल्याने उष्णता सहज निघून जाते. मात्र गाभा अरुंद असल्याने तीव्र स्पंदांमुळे अरैखिक परिणाम उद्‌भवतात. म्हणून स्पंद आधी ताणून, विवर्धित करून नंतर पुन्हा आखूड करतात. ही पद्धत डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी १९८५ मध्ये मांडली. त्याबद्दल त्यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सरासरी २० वॉट शक्तीचा लेसर सेकंदाला २०,००० स्पंद देत असल्यास प्रत्येक स्पंदात १ मिलिजूल ऊर्जा असते. स्पंद १०० नॅनोसेकंदांचा असल्यास त्याची शक्ती सु. १० किलोवॉट होते. एवढ्या अल्प काळात उष्णता फारशी पसरत नाही; त्यामुळे धातूचा सूक्ष्म थर उडून जातो व भोवतालचा भाग जवळजवळ शाबूत राहतो. फेमटोसेकंद स्पंदांत हा गुण अधिकच दिसतो.

उपयोग : यंत्रभागांवर क्रमांक कोरणे, गंज व रंग काढणे, सूक्ष्म छिद्रे पाडणे इ. कामांसाठी हे लेसर वापरतात. १ एप्रिल २०२३ पासून भारतात हॉलमार्कयुक्त दागिन्यांवर सहा अक्षरांकांची ओळखखूण सक्तीची झाली. ती लेसरने कोरतात. वैद्यकात थुलियम तंतू लेसरने मूतखडे फोडतात. विज्ञानात प्रकाशाची कंप्रता अचूक मोजणाऱ्या ‘कंप्रता-कंगव्या’साठी एर्बियम तंतू लेसर उपयोगी पडतो.

बारामती येथे जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये शोधलेल्या कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश साध्या काचतंतूतून जात नाही. तो आरशांनी वळवावा लागतो. तंतू लेसरचा प्रकाश लवचिक तंतूतून थेट कामाच्या जागी नेता येतो. तथापि अधातू पदार्थ कापण्यासाठी पटेल यांचा लेसर अद्याप सोयीचा ठरतो.

दक्षता : इटर्बियम लेसरचा प्रकाश अवरक्त म्हणून अदृश्य असतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. नेत्रभिंग तो जालपटलावर केंद्रित करते व एकच स्पंद कायमची इजा करू शकतो. चकचकीत धातूवरून परावर्तित झालेला किरणही धोक्याचा असतो. म्हणून लहान कार्यशाळेतही त्या तरंगलांबीसाठीचा योग्य चष्मा व बंदिस्त यंत्र आवश्यक ठरते.