फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी एम्युलेटर
भोसरी-चाकण पट्ट्यातील जुन्या सीएनसी यंत्रांत (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रांत) फ्लॉपी ड्राइव्हऐवजी एम्युलेटर (मूळ भागाची नक्कल करणारे उपकरण) बसवला की यंत्र पेनड्राइव्ह वाचू लागते, असा समज आढळतो. जुन्या होल्डरात एलईडी दिवा लावल्याने घरातील वायरिंग बदलत नाही, तसेच येथेही ३४ तारांच्या त्याच केबलमधून, त्याच वेगाने यंत्राला फ्लॉपीचेच संकेत मिळतात आणि पेनड्राइव्हचा त्याला पत्ताही नसतो. म्हणूनच १६ जीबीच्या पेनड्राइव्हवरही सहसा १.४४ एमबीच्या स्वतंत्र प्रतिमा (फ्लॉपीतील मजकुराच्या जशाच्या तशा नोंदी) ठेवून त्यांतील एक बटणाने निवडावी लागते, आणि त्याहून मोठा प्रोग्रॅम तुकडे केल्यावाचून मावत नाही. लाभ एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की झिजणारा हेड व बुरशी धरणारी चकती यांपासून सुटका होते.