पहारेकऱ्याचे बिऱ्हाड



कामगार चळवळीतल्या माणसाने कॉम्प्युटरवर बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी, चौकशीच्या टेबलाशी आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. आजचा विषयही असाच एका कारणे दाखवा नोटिशीच्या वाटेने आमच्याकडे आला.

सांगलीला मुख्य कचेरी आणि साताऱ्याकडे शाखा असलेली एक सहकारी संस्था. तिथे कंत्राटावर काम करणारा एक तरुण ती नोटीस घेऊन युनियनच्या कचेरीत आला. रविवारी रात्री त्याला हुकूम मिळाला होता की, फायरवॉल नव्या व्यवस्थेवर हलव आणि सकाळी काउंटर चालू झाले पाहिजेत. सोमवारी काउंटर उघडले, पण व्यवहार पुढे सरकेना. पेन्शनीसाठी आलेली म्हातारी माणसे दुपारपर्यंत ताटकळली आणि निष्काळजीपणाचा ठपका त्या पोरावर आला. त्याचा बचाव करायचा, तर आधी काम काय होते ते आम्हाला समजायला हवे. लेथ कशाशी खातात हे ठाऊक नसलेला प्रतिनिधी टर्नरच्या चौकशीत मालकाच्याच पथ्यावर पडतो. म्हणून तीन संध्याकाळी त्याला कागद-पेन्सिल देऊन समोर बसवले. जे समजले ते येथे मांडतो.

पूर्वी प्रत्येक कामाला एक वेगळे यंत्र असे आणि ते दिवसाचा बराच वेळ रिकामे बसे. मग एका मोठ्या यंत्रात अनेक लहान यंत्रे नांदवण्याची युक्ती निघाली. युक्ती फार नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली होती. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाडा एक, बिऱ्हाडे दहा. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की नळ आपला, दार आपले. वास्तविक पाणी आणि दिवा वाटून देणारा कारभारी एकच असतो. या कारभाऱ्याला हायपरवायजर म्हणतात. बिऱ्हाडे म्हणजे निरनिराळे सर्व्हर: एकात खातेवही, दुसऱ्यात टपाल. आणि एका बिऱ्हाडात राहतो पहारेकरी, म्हणजे फायरवॉल. बाहेरून येणारे प्रत्येक पुडके त्याच्या खोलीतून तपासूनच पुढे जाते. पहारा कशासाठी, असे कोणी विचारील तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला आठवावा. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी सुरू झालेल्या त्या प्रकारात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याची कारणे निराळी होती. पण चोर सुटीचा वार पाहून येतो, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

मग चांगला नांदता पहारेकरी हलवायचाच कशाला? वाड्याचा मालक बदलला म्हणून! या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी व्हीएमवेअर. ती नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणे बंद केले. एकदा पैसे भरून वर्षानुवर्षे वापरण्याऐवजी आता मुदतीचे भाडे आले. जगभर अनेक संस्थांनी दुसरा वाडा शोधायला सुरुवात केली. कोणी प्रॉक्समॉक्सकडे गेले, तर कोणी मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीकडे. भाडेवाढ झाली की बिऱ्हाड हलते हे आपल्याला नवे नाही. हमालीचा खर्च कोणावर पडतो, तेवढे पाहायचे.

आता त्या रात्री काय घडले ते ऐका. पोराने पहारेकऱ्याची डिस्क जशीच्या तशी उचलली, नव्या वाड्याला चालेल अशा साच्यात बदलली आणि यंत्र सुरू केले. यंत्र सुरू झालेही. पण पहारेकऱ्याच्या नियमवहीत दारांची नावे लिहिलेली असतात. त्याचा पहारेकरी फ्रीबीएसडी नावाच्या पायावर उभा होता. तिथे जुन्या वाड्यातल्या दाराचे नाव ‘व्हीएमएक्स’ आणि नव्या वाड्यातल्या दाराचे ‘व्हीटीनेट’. वही म्हणते व्हीएमएक्सने आलेल्याला तपास, आणि त्या नावाचे दारच नाही. १९६० साली दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला, तेव्हा शेत जागचे हलले नव्हते. पण जुन्या नावाचा कागद घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला कारकुनाने काय ऐकवले असेल, ते आपल्यापैकी वडीलधारे सांगू शकतील. पोराने पहाटे तीनपर्यंत बसून नावे दुरुस्त केली. मध्यंतरी जुना पहारेकरीही चुकून चालू झाला. एकाच पत्त्यावर दोन पहारेकरी. निरोप कोणाकडे न्यावा हे जाळ्याला कळेना.

खरी मेख पुढेच होती. सकाळी हाक मारून पाहिली, म्हणजे त्यांच्या भाषेत पिंग केले, तर ओ येत होती. म्हणून सारे ठीक आहे असे सर्वांनी धरले. परंतु प्रत्येक पुडक्यावर तपासणीच्या बेरजेचा एक आकडा असतो. ती बेरीज करण्याचे काम यंत्र पुष्कळदा नेटवर्क कार्डावर सोपवते. नव्या वाड्यातले कार्ड खरे नव्हे, कल्पित. ते बेरीज पुढच्यावर ढकलते, आणि पुढचा चुकीचा आकडा पाहून पुडके फेकून देतो. हाक पोहोचते, माल पोहोचत नाही. उपाय एका खुणेचा होता: बेरीज कार्डावर सोपवणे बंद करायचे. ती खूण कुठे करायची, हे शोधायला सोमवारची दुपार झाली.

येथे आम्हाला किर्लोस्करवाडी आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना बेळगावहून औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आणला. लेथ गाडीत घालून आणता येतो, त्याचा पाया आणता येत नाही. तो नव्या जागी घालावा लागतो, यंत्र पाणसळ लावून बसवावे लागते, आणि ते एका रात्रीत होत नाही.

पहारेकऱ्याचेही तसेच. डिस्क उचलून नेण्यापेक्षा बरी रीत अशी की, नव्या वाड्यासाठी बनवलेला त्याच जातीचा, त्याच आवृत्तीचा पहारेकरी ताजा उभा करावा आणि जुन्याची फक्त नियमवही त्याच्या हाती द्यावी. वहीतली दारांची नावे आधी दिवसाउजेडी बदलावीत. परवान्याची चौकशी पंधरा दिवस आधी करावी. कारण पुष्कळ परवाने यंत्राच्या ओळखक्रमांकाला जखडलेले असतात, वाडा बदलला की तो क्रमांक बदलतो, आणि रविवारी रात्री विक्रेता फोन उचलत नाही. दुरुस्ती करणाऱ्याची वाट पहारेकऱ्याच्याच दारातून जात असेल, तर कारभाऱ्याच्या बाजूने दुसरी वाट मोकळी ठेवावी, नाहीतर कुलूप बाहेरून आणि किल्ली घरात. नुसत्या हाकेवर विश्वास न ठेवता एक खरा व्यवहार काउंटरवरून करून पाहावा. जुना पहारेकरी पुसून टाकू नये. बंद करून, तारा सोडवून ठेवावा. आणि अमुक वाजेपर्यंत जमले नाही तर परत फिरायचे, ही वेळ साहेबाच्या सहीने कागदावर असावी. आमच्या मते हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि त्या रात्री नेमके तेच नव्हते.

चौकशीत आम्ही तीनच प्रश्न विचारले. तालीम कधी झाली? परत फिरण्याची वेळ कोणी ठरवली होती? जोडीला दुसरा माणूस का दिला नाही? चौकशी अधिकाऱ्यांनी तिन्ही प्रश्न लिहून घेतले, उत्तरांच्या जागा कोऱ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात नोटीस मागे घेतली गेली.

साताऱ्याकडच्या शाखांचा पहारेकरी त्यानंतर दोन महिन्यांनी हलला. या वेळी दोन माणसे होती, आधीच्या शनिवारी तालीम झाली होती आणि परत फिरण्याची वेळ पहाटे चारची होती. काम दीडलाच आटोपले. पोरगा मात्र अजून कंत्राटावरच आहे. त्याच्या नेमणुकीची मागणी आमच्या सनदेत सातव्या क्रमांकावर असून व्यवस्थापनाशी बोलणी चालू आहेत.