कोयनेचे पाणी नदीत परत येते का?

जलविद्युतेविषयी एक वाक्य ठरलेले आहे: "पाणी नुसते चाक फिरवते आणि पुन्हा नदीला मिळते. खर्च काहीच होत नाही." वीजघर धरणाच्या पायथ्याशी असेल, तर हे बव्हंशी खरे आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट, पण पायथ्याच्या वीजघराचा त्यातला वाटा जेमतेम 40. बाकीची वीज तयार होते सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून जवळपास पाचशे मीटर खाली पोफळीकडे उतरते. तिथून कोळकेवाडी, मग वाशिष्ठी नदी आणि शेवटी अरबी समुद्र.

कोयना ही कृष्णेची उपनदी, म्हणजे कृष्णा खोऱ्यात पडलेला हा पाऊस कृष्णेला परत मिळत नाही. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्चावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली, ती म्हणूनच. जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी आहे, त्यावरून हे पाणी किती मोठे ते कळेल. गंमत पाहा, इकडे वीज करायला पाणी पश्चिमेला खाली सोडायचे, आणि कऱ्हाडच्या पुढे टेंभूला कृष्णेचे पाणी वीज जाळून आटपाडीच्या दुष्काळी माळावर उचलायचे! अर्थात पश्चिमेला गेलेले सगळे पाणी वाया जाते असेही नाही. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते आणि चिपळूणच्या नळांना पाणी येते, ते वीजघरांतून बाहेर पडणाऱ्या या पाण्याच्या, म्हणजे अवजलाच्या, जिवावर. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी एकदम वाढते, तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारे कोयनेचे संच फार मोलाचे ठरतात. औष्णिक केंद्राला ते जमत नाही.

दुसरा वाद भूकंपाचा. एक पक्ष म्हणतो, भूकंप धरणानेच घडवला. दुसरा म्हणतो, धरणाचा काडीचा संबंध नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयना परिसरात 6.3 तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे 180 माणसे गेली. त्याआधी दख्खनचे पठार स्थिर समजले जाई. जलाशय भरू लागल्यावर परिसरात हादरे जाणवू लागले होते, आणि पाण्याच्या पातळीतील चढउताराशी भूकंपांचा संबंध पुढे अभ्यासातून दिसत गेला. भूकंपाची ऊर्जा मात्र पाण्याने निर्माण केली नाही. खडकातल्या जुन्या भेगांवर ताण आधीच साठलेला होता. पाण्याचे वजन आणि भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा व्हायला निमित्त दिले. त्या पहाटे धरणाच्या वरच्या भागात आडव्या चिरा पडल्या, धरण फुटले नाही, आणि नंतर त्याला आधार देऊन मजबुती करण्यात आली.

जलविद्युत पूर्णपणे प्रदूषणमुक्त असते, हाही अर्धाच हिशेब. बुडालेली झाडे कुजताना मिथेन सुटतो. कोळशाशी तुलना केली, तर कोयनेचे पारडे तरीही चांगलेच राहील.

सर्वांत घट्ट रुजलेला समज माणसांविषयीचा आहे: "धरणग्रस्तांना मोबदला मिळाला, विषय संपला." कोयनेची गावे उठली, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो 1976 साली आला. तोवर कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी विखुरली होती. काहींना जमीन मिळाली, काहींना कागद मिळाले. काही जण खोरे न सोडता डोंगरावर सरकले. त्याच डोंगरांवर 1985 साली कोयना अभयारण्य आणि 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि एकदा धरणासाठी उठलेल्यांसमोर पुन्हा उठण्याचा प्रश्न उभा राहिला. विजेच्या तारा मुंबईपर्यंत पोहोचल्या, धरणग्रस्तांचे सातबारे मात्र वाटेतच अडकले. 2018 साली कोयनानगरला धरणग्रस्त आंदोलनाला बसले, तेव्हा धरणाला अर्धशतक उलटून गेले होते, आणि त्यांच्या मागण्यांत पहिली होती ती पर्यायी जमीन.