भोक बुजवताना चांदी जाते कुठे?

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही अकोल्याला गेलो होतो. ने-आण करायला ठरवलेली जुनी जीप राजूरच्या बाजूला चढ चढताना तापली आणि कशीबशी परत येऊन एका गॅरेजात उभी राहिली. दोष सापडायला वेळ लागला नाही. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाणी नेणारी लोखंडी नळी गंजून तिला साधारण ४ मिलिमीटरचे भोक पडले होते. आजूबाजूचा पत्रा इतका पातळ झाला होता की गॅस वेल्डिंगची ज्योत लावताच भोक बुजण्याऐवजी मोठेच होऊ लागले.

मिस्त्रींनी मग ज्योत मंद केली, फ्रिज दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडून ‘चांदीची काडी’ मागून आणली, पावडर लावली आणि काडी भोकावर टेकवली. काडी सुरेख वितळली. रस भोकाच्या कडेने फिरला, नळीवर पसरला, थोडा आतून ओघळला. भोक मात्र जसेच्या तसे! आणखी दोन इंच काडी गेली तरी तेच.

“चांदी पिऊन टाकली सर ह्या नळीनं,” मिस्त्री म्हणाले. आमच्याबरोबरचे शिक्षक हसले. पण वाक्य अगदी नेमके होते.

चांदीचा डाख म्हणजे निव्वळ चांदी नव्हे. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १०८५ अंशांना, पण ७२ भाग चांदी व २८ भाग तांबे एकत्र केले तर मिश्रण ७८० अंशांच्या आसपासच वितळते. त्यात जस्त किंवा कथील घातले की हा बिंदू आणखी खाली, काही मिश्रधातूंत ६२०-६५० अंशांपर्यंत येतो. लोखंड वितळायला १५०० अंशांच्या वर जावे लागते. म्हणजे डाख देताना मूळ धातू वितळतच नाही. वेल्डिंगमध्ये दोन्ही कडा वितळून एक होतात. डाखात वितळलेला परका धातू घन पृष्ठभागाला चिकटतो, आणि त्यासाठी त्याने तो पृष्ठभाग ओला करावा लागतो.

धातू ओला होतो म्हणजे काय, हे कल्हईवाल्याला काम करताना पाहिलेल्यांना सांगायला नको. तापलेल्या पातेल्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील एका हाताने सगळीकडे पसरते. नवसागर नसेल तर तेच कथील गोळी होऊन घरंगळते. चांदीच्या डाखाला नवसागराऐवजी सोनार टाकणखार वापरतात. तो ७४३ अंशांच्या सुमारास वितळतो, म्हणून त्याहून कमी तापमानाला वितळणाऱ्या काड्यांसाठी फ्लोराइड असलेली पावडर घ्यावी लागते.

आता मिस्त्रींच्या तक्रारीकडे वळू. रस नळीला नीट ओले करत होता, मग भोक का भरेना? उत्तर पृष्ठताणात आहे. कोणताही द्रव आपला मोकळा पृष्ठभाग शक्य तितका कमी ठेवू पाहतो. पत्र्याची जाडी ०.८ मिलिमीटर धरू. ४ मिलिमीटरचे भोक रसाने भरले तर वर आणि खाली मिळून सुमारे २५ चौरस मिलिमीटर मोकळा पृष्ठभाग तयार होतो. भोक उघडे ठेवून नुसती त्याची आतली कड ओली केली तर फक्त १० चौरस मिलिमीटर. रस दुसरा मार्ग धरणार हे उघड आहे. विद्यार्थ्यांना हे गणित बीजगणिताने करायला द्यावे. व्यास पत्र्याच्या जाडीच्या दुपटीहून मोठा असेल तर भोक उघडे राहण्यात द्रवाचा ‘फायदा’ असतो, असे उत्तर येईल. सुईच्या अग्राएवढे छिद्र चांदीने सहज बुजते आणि ४ मिलिमीटरचे बुजत नाही, ते यामुळे.

याची दुसरी बाजू वर्गात दाखवता येते. काचेच्या दोन पट्ट्या एका उभ्या कडेशी चिकटवून व दुसऱ्या कडेशी आगकाडी घालून रबराने बांधा आणि रंगीत पाण्यात उभ्या करा. फट जिथे अरुंद, तिथे पाणी उंच चढते. फट ०.१ मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढेल, १ मिलिमीटर असेल तर जेमतेम दीड. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या बारापट आणि घनता नऊपट असते, म्हणून स्वच्छ, ओल्या होणाऱ्या फटीत तीही पाण्याइतकीच, किंबहुना थोडी अधिक चढू शकते. चांदीचा डाख भोकात नव्हे, फटीत शिरतो. फट ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची असली की उत्तम. असा पातळ थर मजबूतही असतो, कारण दोन्ही बाजूंच्या पोलादाने जखडल्यामुळे मऊ चांदीला ताणले जायला, बारीक व्हायला जागा उरत नाही.

तेव्हा करायचे एवढेच, की भोकाची फट करायची. मिस्त्रींना पटायला फार वेळ लागला नाही. त्यांनी जुना डाख कानशीने खरवडून काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत गंज घासला, लोखंडी पत्र्याचा तुकडा भोकाच्या चहूबाजूंनी ५-६ मिलिमीटर पुढे येईल असा कापला आणि नळीच्या गोलाईवर ठोकून बसवला. दोन्ही बाजूंना पावडरीचा लेप देऊन तुकडा तारेने बांधला.

काडीही बदलावी लागली. फ्रिजच्या तांब्याच्या नळ्यांसाठी असलेल्या पुष्कळशा काड्यांत चांदीबरोबर फॉस्फरस असतो. तांब्यावर तो ऑक्साइड काढायचे काम करतो, पावडरही लागत नाही. लोखंडाशी मात्र त्याचे ठिसूळ संयुग होते, आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी असा जोड तडकतो. म्हणून फॉस्फरस नसलेली काडी मागवली, आणि तीही कॅडमियम नसलेली. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, ज्योत जरा जास्त झाली की त्याची वाफ होते आणि ती फुप्फुसांना व मूत्रपिंडांना घातक असते. सोनारकामातल्या ‘केडीएम’ डाखाबद्दल कारागिरांना जी भीती असते, ती याच कॅडमियमची. पावडरीचा धूरही झोंबतो, त्यामुळे काम उघड्यावर केले.

ज्योत काडीवर नव्हे, नळीवर फिरवली. पावडर आधी फुगली, पांढरी झाली, मग पाण्यासारखी स्वच्छ झाली. काडी तुकड्याच्या एका कडेला टेकवली. रस दिसेनासा झाला आणि क्षणभरात समोरच्या कडेला चांदीची बारीक रेघ उमटली. मिस्त्रींनी ज्योत बाजूला घेतली आणि काही न बोलता आमच्याकडे पाहिले.

उत्साहाच्या भरात एका शिक्षकाने आपल्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकीही अशीच दुरुस्त करून मागितली. ती ‘पूर्ण रिकामी’ होती. आम्ही साफ नको म्हटले. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमके असे मिश्रण साठलेले असते. ब्रेकच्या नळ्याही डाख देऊन वापरायच्या नसतात, बदलायच्या असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचा प्रश्नच येत नाही, कारण ते ६६० अंशांना किंवा त्याआधीच वितळू लागतात. पुष्कळ कार्ब्युरेटर जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, ते तर चारशे अंशही सोसत नाहीत.

नळी आपोआप निवू दिली. पावडरीचा काचेसारखा थर उरला तर पुढे गंज धरतो, म्हणून गरम पाण्यात ब्रशने घासून तो काढला. मग एक तोंड रबरी बुचाने बंद करून नळी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि दुसऱ्या तोंडाने सायकलच्या पंपाने हवा भरली. पाच मिनिटे सगळे बादलीत वाकून पाहत होते. एकही बुडबुडा आला नाही.